उतेकरकाकांची विमानं

उतेकरकाका कधी विमानात बसले नाहीत आणि बसावं असं त्यांना कधी वाटलंही नाही. मुलाने एकदा गोव्याची तिकिटं काढतो म्हटलं, तर "रस्त्याने जाता येतं की," म्हणून त्यांनी विषय मिटवून टाकला. पण जुन्या विमानांच्या फिल्म्स त्यांच्याइतक्या मन लावून बघणारा माणूस महाडात दुसरा नसेल. दुपारचं जेवण झालं, की इस्त्रीचा बुशशर्ट घालायचा, चष्मा पुसायचा आणि टीव्हीसमोर लाकडी हातांच्या खुर्चीत ताठ बसायचं. घरात सोफा होता, पण सोफ्यावर बसून काम होत नाही, असं त्यांचं म्हणणं. विमानं बघणं हे त्यांच्या लेखी काम होतं.

मी महाडच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. तोवर काकांना रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती. ते एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. म्हणजे कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कधी सुटणार, तिच्यावर ड्रायव्हर-कंडक्टर कोण, हे ज्या खिडकीत ठरतं त्या खिडकीमागचा माणूस. मूळ गाव उमरठ, पण सगळी नोकरी महाडात गेली. माईकवर बोलायची सवय आवाजात राहून गेली होती. काकूंना चहा मागायचा तरी नाकातून, एकेक शब्द सुटा करून, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा मागत. काकू आतून म्हणत, "गाडीला उशीर आहे."

काकांची एक गोष्ट महाडात सगळ्यांना ठाऊक होती. मला ती आल्या आल्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने सांगितली. मोबाइल नव्हते त्या काळातली. पावसाळ्यात भोरहून येणारी शेवटची गाडी वरंधा घाटात अडकली. दरड कोसळली, फोनच्या तारा तुटल्या, काही कळायला मार्ग नाही. उतारूंचे नातेवाईक स्टँडवर जमले. उतेकर कंट्रोलर आपल्या खुर्चीत बसून प्रत्येकाला एकच सांगत राहिले, गाडी येणार. स्वतः जेवले नाहीत, पाठ टेकली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चिखलाने माखलेले उतारू एका ट्रकमधून स्टँडवर उतरले. सगळे धडधाकट आहेत ना ते एकेकाकडे बघून घेतलं आणि मगच उतेकर घरी आंघोळीला गेले. तेव्हापासून सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांत ठरून गेलं, की आपली गाडी आत आल्याशिवाय उतेकर खुर्ची सोडत नाहीत.

रिटायर झाल्यावर गाड्या गेल्या, मग ते आमची वाट बघू लागले. काकू भजनाला गेल्या, की काका ओट्यावर. मी महिन्यातून एकदा आईकडे पुण्याला जाई. परत येताना कितीही उशीर होवो, काका ओट्यावर बसलेले असत. "आलात? बरं झालं," एवढंच म्हणायचे आणि आत जाऊन दिवा मालवायचे. परक्या गावात कोणीतरी आपली वाट बघतं याचं मला फार बरं वाटे.

विमानं घरात आली ती मुलामुळे. मुलगा ठाण्याला नोकरीला. आईवडिलांना जुनी नाटकं, कीर्तनं बघता यावीत म्हणून त्याने नवा टीव्ही घेऊन दिला आणि त्यावर एका व्हिडिओ कंपनीचं वर्षाचं सबस्क्रिप्शन भरून दिलं. टीव्ही लावला तो भिंतीवर खूप उंच, कारण पुराचं पाणी मागे जिथवर चढलं होतं त्या खुणेच्या वरच काय ते ठेवायचं, हा आळीचा नियम. त्यामुळे सगळ्यांना मान वर करून बघावं लागे. विमानं बघायला ते बरंच होतं.

पहिल्याच आठवड्यात काकांनी एक काळंपांढरं चित्र बघून बटण दाबलं. जुना सिनेमा असेल असं त्यांना वाटलं. निघाली विमानांच्या सुरुवातीच्या दिवसांची फिल्म. टोप्या घातलेली माणसं, कापडाचे पंख, मैदानात चरणाऱ्या गाई हाकलणारा एक पोरगेला गडी. काकांनी ती पूर्ण बघितली. दुसऱ्या दिवशी टीव्हीने आपण होऊन आणखी तशाच फिल्म्स समोर ठेवल्या. काकांनी त्या बघितल्या, म्हणून तिसऱ्या दिवशी आणखी. महिनाभरात अशी गत झाली, की काकूंनी आपली मालिका लावायला टीव्ही उघडला, की पडदाभर विमानंच. काकू माझ्याकडे वर आल्या आणि म्हणाल्या, "ह्या टीव्हीला काहीतरी झपाटलंय. तू शिकलेली आहेस, बघ जरा." मी खाली जाऊन टीव्हीवर त्यांच्या नावाचा वेगळा चौकोन, म्हणजे प्रोफाइल, करून दिला. त्यावर त्यांनी मांजराचं चित्र निवडलं. मग दुपार विमानांची आणि संध्याकाळ मांजराची, अशी वाटणी झाली.

फिल्म्स इंग्रजी, म्हणून सुट्टीच्या दिवशी मला बोलावणं येई. मी जमेल तसं मराठीत सांगायची. पण काकांची स्वतःची एक भाषा होती. पायलटला ते ड्रायव्हर म्हणत आणि शेजारी नकाशा घेऊन बसलेल्याला कंडक्टर. विमान धावपट्टीवर आलं की "लागली" आणि उडालं की "सुटली". पावसात इंटरनेट रखडून पडद्यावर ते गोल चक्र फिरू लागलं, की म्हणायचे, "घाटात अडकली, बसा."

सगळे बघतात उडणाऱ्याकडे. काका बघायचे खाली उरलेल्याकडे. झेंडा दाखवणारा, चाकाखालचे लाकडाचे ठोकळे काढणारा, पंखा हाताने फिरवून मागे पळणारा. असा कोणी दिसला की ते मला फिल्म थांबवायला लावत आणि बोट करून सांगत, "हा आपला." मग विचारत, "गाडी सुटल्यावर हा काय करत असेल हो?" फिल्मवाले ते कधी दाखवत नाहीत. कॅमेरा विमानाबरोबर वर जातो. काकांना त्याचं वाईट वाटे.

आणखी एक सवय होती, ती मला कळायला जरा वेळ लागला. फिल्म सुरू करण्याआधी ते मला विचारत, "मॅडम, पोचते का?" मी मोबाइलवर शोधून सांगायची. पोचत असेल तर फिल्म शेवटपर्यंत. पोचत नसेल, म्हणजे ते विमान समुद्रात हरवलं किंवा डोंगरावर आदळलं असेल, तरीही काका फिल्म लावत. विमान सुटायचं, ढगात शिरायचं, आणि काका रिमोट उचलून टीव्ही बंद करायचे. त्यांच्या घरात एकही विमान कधी पडलं नाही. मी एकदा म्हटलं, पुढचं बघायचं नाही का? तर म्हणाले, "अजून वाटेत आहे असं समजायचं."

ही सवय एकाच माणसाला खटकायची. तो म्हणजे सकपाळ ड्रायव्हर. वरंधचा. घाटातल्या त्या रात्री गाडीवर होता तोच. बुटका, जाडसर, डोक्याला रुमाल बांधलेला. तोही रिटायर झालेला. सुनेचं वरंधला लहानसं दुकान होतं, त्याचा माल घ्यायला दर गुरुवारी महाडला यायचा, काकूंना कधी करवंदं, कधी फणसाचे गरे आणायचा, जेवायचा आणि काकांबरोबर विमानं बघून दुपारच्या गाडीने परत जायचा. तो मात्र सोफ्यावर ऐसपैस बसे. पण विमान उतरायला लागलं, की त्याचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जाई. त्याचं त्याला कळतही नसे. काकू मला खूण करून दाखवत आणि आम्ही दोघी पदराआड हसत असू.

काकांनी फिल्म मध्येच बंद केली की सकपाळ चुळबुळायचा. "कुठं चुकला ता बगायला नको?" असं पुटपुटायचा. काका म्हणायचे, चुकला हे तुला कोणी सांगितलं? दोघांचा वाद तेवढ्यावरच थांबे. इतक्या वर्षांची दोस्ती, पण घाटातल्या त्या रात्रीविषयी ते दोघं आपसात कधी बोलले नव्हते, हे मला काकूंनी सांगितलं. काकांनी विचारलं नव्हतं. माणसं पोचली, मग विचारायचं काय?

दिवाळीच्या सुट्टीतल्या एका गुरुवारी मी खाली होते. जेवायला अवकाश होता, म्हणून त्या दिवशी टीव्ही आधीच लागला. काकांनी निवडलेली फिल्म डोंगरांवरून टपाल नेणाऱ्या विमानांची होती. विमान वरून उघडं, आत एकटा पायलट आणि पुढ्यात टपालाच्या पिशव्या. ज्या मैदानात उतरायचं तिथले लोक अंधार पडला, की मोठ्या शेकोट्या पेटवून ठेवत, म्हणजे वरून दिसावं. शेवटी ते विमान पोचत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. तरी काकांना ती हवी होती, कारण तिच्यात खालची माणसं भरपूर होती. लाकडं ओढून आणणारी, शेकोटीत रॉकेल ओतणारी, आभाळाकडे बघत उभी राहिलेली. काका खूश होते. "हे सगळे आपले," म्हणाले.

मग ती संध्याकाळ आली. पायलट अलीकडच्या मैदानात थांबलेला होता. पुढच्या डोंगरावर बर्फ पडू लागलं होतं. तिथल्या लोकांनी त्याला आज इथेच राहा असं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, कॉफी प्यायला आणि विमानात जाऊन बसला. काकांचा हात रिमोटकडे गेला. सकपाळने त्यांच्या हातावर आपला हात ठेवला.

"आज बंद करू नका, सायेब."

काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

मी सांगत गेले. बर्फ वाढलं. मैदानातले लोक सकाळपर्यंत शेकोटीत लाकडं टाकत राहिले. विमान बर्फ वितळल्यावर सापडलं. शेवटी निवेदक म्हणाला, की सगळे नको म्हणत असताना तो त्या संध्याकाळी का निघाला, ते कोणालाच कधी कळलं नाही.

मी हे वाक्य मराठीत सांगितलं. सकपाळ म्हणाला, "मला ठावं हाय."

मग त्याने सांगितलं. टीव्हीकडे बघतच सांगितलं. त्या दिवशी घाटमाथ्यावर भज्यांच्या टपरीपाशी गाडी थांबली होती. टपरीवाला म्हणाला, खाली दगड येतायत, आज उतरू नको. कंडक्टरही म्हणाला, इथेच राहू, टपरीत चहा आहे, भजी आहेत, उतारूंची रात्र निघेल. सकपाळलाही ते पटत होतं. गाडी बाजूला घ्यावी म्हणून तो स्टिअरिंगवर बसला.

"आन मला तुमी दिसलात," तो म्हणाला. "खुर्चीत बसलेले. म्हटलं, सायेब घरी जानार नाय. जेवनार नाय. काढली गाडी."

अर्ध्या घाटात पुढे दरड आली. मागे घ्यावी तर मागेही आली. रात्रभर टपावर दगड वाजत होते. एक दगड काच फोडून आत आला आणि मोकळ्या सीटवर पडला. त्या सीटवरून एक बाई पोराला घेऊन नुकतीच उठून पुढे आली होती, पोर रडत होतं म्हणून. सकपाळने तो दगड रात्रीच बाहेर टाकून दिला. सकाळी सगळ्यांना चिखलातून हाताला धरून खाली आणलं. लोकांनी त्याला हार घातला. आपण गाडी का काढली, हे त्याने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही.

काकांनी रिमोट बाजूला ठेवला. मग विचारलं, "ती बाई कुठली?"

"बिरवाडीची. उतरल्यावर पाया पडली माझ्या. मी बोललो नाय तिला."

"काय?"

"थांबता आलं असतं, ता."

काका उठले. आत जाऊन पाणी प्यायले. तिथूनच काकूंना म्हणाले, सकपाळला वाढा. त्यांच्या आवाजात माईक नव्हता. दोघं शेजारी शेजारी बसून जेवले. काकूंनी सकपाळला दोनदा भात वाढला, त्याने नको म्हटलं नाही. नेहमीच्या गाडीने तो गेला.

पुढच्या गुरुवारी सकपाळ आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काका खुर्चीत बसत, पण टीव्ही लावत नसत. एका संध्याकाळी मी जिना चढत होते, तर त्यांनी मला हाक मारून विचारलं, "मॅडम, पुण्याहून येताना तुम्ही घाई करता?"

मी खरं ते सांगितलं. करते. आईच्या हातचं जेवण अर्धं टाकून आधीची गाडी पकडलीय, कारण तुम्ही ओट्यावर बसलेले असाल.

"मला कोणी बोललं नाही," ते म्हणाले.

काकू आत तांदूळ निवडत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "बोलणार कसं? चांगलंच करत होतात ना."

त्या रविवारी काका म्हणाले, वरंधला जाऊन येऊ. काकू निघाल्या, त्यांनी मलाही बरोबर घेतलं. सकपाळ दुकानात फळीवर बसला होता. आम्हाला बघून उभा राहिला, काय करावं ते त्याला सुचेना. सुनेने चहा केला. काका बाकावर बसले. भात झोडून झाला का, गुडघा कसा आहे, सुनेचं दुकान कसं चाललंय, असं बोलणं झालं. फिल्मचा विषय निघाला नाही. मला वाटलं, आता असेच परत जाणार.

गाडी येताना दिसली तसे काका उठले. चप्पल घातली आणि सकपाळसमोर उभे राहिले.

"सकपाळ," ते म्हणाले, "परत असं झालं तर टपरीवरच थांब. मी घरी जाईन. जेवेन, झोपेन."

स्टिअरिंग सोडून सकपाळला किती वर्षं झाली होती. पण तो दुकानाच्या दारात ड्यूटीवर असल्यासारखा सरळ उभा राहिला.

"बरं, सायेब. थांबतो."

मग तो पटकन आत वळला आणि आम्ही मागितले नव्हते तरी काकूंसाठी पिशवी भरून वाल मोजू लागला. बराच वेळ आमच्याकडे पाठ करून मोजत होता. ड्रायव्हरने हॉर्न दिला तरी आला नाही. काकूंनी आत जाऊन पिशवी घेतली.

गुरुवार पुन्हा सुरू झाले. काका मला "पोचते का?" विचारेनासे झाले. जी फिल्म लागेल ती शेवटपर्यंत बघत. विमान पडलं की सकपाळ त्याच्या परीने सांगे, वारा कुठून होता, याने वळण कुठे घ्यायला हवं होतं. काका ऐकून घेत. कधी कधी म्हणत, "खालच्या माणसाने पण सांगायला हवं होतं."

पुढच्या वर्षी गणपतीला मुलगा गाडी घेऊन निघाला आणि माणगावपाशी पावसाने गाठलं. काकांनी फोन करून त्याला तिथेच एखादं लॉज बघायला सांगितलं. आम्ही जेवून झोपतोय, तू सकाळी ये, म्हणाले. मुलगा इतका चक्रावला, की त्याने मला फोन करून बाबांची तब्येत बरी आहे ना, असं विचारलं. बरी होती. काकू दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, झोप काही धड लागली नाही त्यांना, दोनदा उठून पाणी प्यायले. पण ओट्यावर गेले नाहीत.

नंतर माझी सांगलीकडे बदली झाली. सामान आदल्या दिवशीच गेलं होतं. मी निरोप घ्यायला खाली आले तर गुरुवार होता, दोघं मान वर करून बसले होते आणि फिल्म संपत आली होती. पाण्यावर उतरणारं विमान चालवणारा कोणी एक पायलट, त्याची होती. मी काकूंना नमस्कार केला. काकांनी हात वर करून आशीर्वाद दिला, डोळे टीव्हीवरच. मी दारापर्यंत गेले आणि मागून हाक आली.

"मॅडम, जरा थांबता? हे काय लिहिलंय शेवटी?"

मी परत आले. पडदा काळा झाला होता आणि त्यावर पांढरी अक्षरं होती. मी वाचून सांगितलं. त्या पायलटने पुढे विमान चालवणं सोडलं, गावी जाऊन कोंबड्या पाळल्या आणि खूप म्हातारा होऊन आपल्या घरात वारला.

काकांनी ते ऐकलं आणि खुर्चीत जरा सैल झाले. "बघ," ते सकपाळला म्हणाले, "शेवटी असं काही लिहितात, मला ठाऊकच नव्हतं."

सकपाळने विचारलं, कोंबड्या किती होत्या? मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही.

"गावठीच असनार," सकपाळ म्हणाला. काकांनी मान डोलावली.